खारा वारा आणि बिडाचा कठडा

लोखंड गंजायला समुद्र लागतो, असा एक सोयीचा समज आहे. किनाऱ्यावरचा जुना कठडा काढून टाकायचा असला की कागदावर हेच कारण येतं: खारी हवा, गंज, धोकादायक, सबब बदलणे योग्य. त्यावर कुणी वाद घालत नाही. या विषयाकडे सोलापुरातून बघण्याचा फायदा एवढाच, की इथे ते कारण देता येत नाही. समुद्र सरळ रेषेत मोजला तरी अडीचशे किलोमीटरच्या पुढे आहे. पाऊस वर्षाला साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, तोही त्याच्या मर्जीने. तरीही जुन्या वाड्यांच्या सज्ज्यांचे नक्षीदार कठडे, गोल जिने, पायऱ्यांच्या जाळ्या इथूनही गेल्याच. ते गंजून संपले नाहीत. कुणी गॅस कटर लावला, कुणी वजनावर भंगारात घातले, आणि जे उरले त्यांतले बरेच वेल्डिंगच्या चुकीच्या टाक्याने तडकले.

आकडेच बघायचे तर आयएसओ १२९४४ या रंगकामाच्या मानकात हवेची वर्गवारी आहे. साध्या पोलादाचा उघडा तुकडा पहिल्या वर्षात किती झिजतो यावर ती ठरते. सी-२ या सौम्य वर्गात ही झीज फार तर २५ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), सी-३ मध्ये २५ ते ५०. समुद्रालगतच्या सी-५ मध्ये ८० ते २०० मायक्रॉन. सोलापूरची हवा पहिल्या दोन वर्गांत बसते. बारा मिलिमीटर जाडीचा बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, गज नुसत्या अशा हवेने खाऊन संपवायला काही शतकं लागतील. हवेवर खापर फोडण्याआधी एवढं गणित करायला हरकत नाही.

किनाऱ्यावर अर्थात ते खापर थोडंफार खरं आहे. पण तिथेही किती? इंग्लंडमध्ये ब्रायटनला समुद्रासमोर मडेरा टेरेस नावाची बिडाच्या कमानींची लांबलचक रांग आहे. १८९० च्या दशकातलं काम, १५१ कमानी, ८६५ मीटर लांबी. कमानींच्या डोक्यावरून चालायचा सज्जा, खाली सावलीचा रस्ता. २०१२ मध्ये ती धोकादायक म्हणून बंद केली, कुंपण घातलं, आणि पहिल्या २८ कमानींचं काम सुरू व्हायला २०२४ उजाडलं. शंभर वर्षं खारा वारा खाऊन उभं राहिलेलं हे काम. बंद पडल्यावर मात्र रंग नाही, पन्हळ साफ नाही, माणसांची ये-जा नाही, अशा अवस्थेत एकेक वर्ष दहा वर्षांसारखं गेलं असणार. देखभाल थांबलेलं बीड आणि देखभालीतलं बीड यांत असा फरक पडतो.

आपल्याकडे किनाऱ्यावरच्या लोखंडाची वेगळीच गत. केरळातला अलप्पुळ्याचा १८६२ चा सागरी धक्का आणि कोळिकोडच्या किनाऱ्यावरचे धक्क्यांचे खांब आज बहुतेकांना फोटोची पार्श्वभूमी म्हणून माहीत आहेत. मुंबईत काळा घोड्याजवळचं एस्प्लनेड मॅन्शन, म्हणजे पूर्वीचं वॉटसन हॉटेल, १८६० च्या दशकाच्या शेवटी इंग्लंडहून सुटे भाग आणून जोडलं. भारतात तगून असलेल्या बिडाच्या सांगाड्याच्या इमारतींत ते सर्वांत जुनं मानतात. १८९६ मध्ये ल्युमिए बंधूंची हलती चित्रं भारतात प्रथम इथेच दाखवली गेली, म्हणून सिनेमावाले त्याची आठवण ठेवतात. त्याच्या खांबांची आठवण ठेवणारे फार नाहीत.

सोलापूरला हे लोखंड रेल्वेने आणलं. १८६० मध्ये रूळ इथे पोचले, पुढे ‘जुनी मिल’ नावाची गिरणी आणि तिच्यामागोमाग इतर गिरण्या आल्या. त्या काळच्या सूतगिरणीचा मजला म्हणजे बिडाच्या पोकळ खांबांची रांग, हे जवळजवळ ठरलेलं होतं. खांब सडसडीत हवेत, कारण मध्ये यंत्रं बसवायची. भार वरून खाली सरळ हवा, कारण बीड दाबाला पक्कं आणि ताणाला कच्चं. गिरण्या गेल्या तेव्हा यंत्रांचा लिलाव झाला; खांबांची मोजदाद झाली असली तर ती टनांत.

आता मूळ प्रश्न. या लोखंडात वारसा म्हणून जपायचं ते नेमकं काय? एकेका तुकड्याकडे बघाल तर त्यात एकमेव असं काही नसतं. ग्लासगोच्या सारासेन फाउंड्रीसारख्या कारखान्यांनी कठडे, दिव्याचे खांब, बाकं, बँडस्टँड, कारंजी कॅटलॉगमधून जगभर विकली. नमुना क्रमांक कळवा, किती फूट ते सांगा, पेट्या भरून माल येईल. तोच कठडा स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर आणि तोच वसाहतीतल्या एखाद्या बागेत. कॅटलॉगच्या मालाला कसला आलाय वारसा, असं विचारणारे भेटतात. त्यांना आमचं उत्तर असं: एक गज नवा ओतून बसवला तर कठडा तोच राहतो. पण बोल्ट काढून सगळं वेल्डिंगने एकसंध केलं, तर गज सगळे जुने असूनही कठडा तो राहत नाही. मोल सांध्यांत आहे. बिडाच्या कामाचा अभ्यास करायचा तर पानाफुलांची नक्षी नंतर बघावी, आधी तुकडा तुकड्याला कुठे आणि कसा धरलाय ते बघावं.

त्याआधी हातातलं लोखंड कोणतं ते ठरवायला हवं, कारण ‘लोखंडी कठडा’ या एका नावाखाली तीन वेगळे धातू वावरतात. ओतीव बिडात कार्बन अडीच ते चार टक्के असतो. ते साच्यातून येतं, म्हणून नक्षी हुबेहूब एकसारखी, कडा बोजड, आणि बारीक बघितलं तर साच्याच्या दोन अर्ध्यांची रेघ दिसते. घडीव लोखंडात कार्बन नाममात्र. त्यात मळीचे बारीक तंतू असतात. ते लोहाराच्या हातचं, म्हणून वेलबुट्टीची टोकं निमुळती, दोन पट्ट्या जोडायला गरम करून बसवलेली कडी किंवा रिव्हेट, आणि दोन फुलं कधीच अगदी सारखी नसतात. तिसरं साधं पोलाद, बाजारातलं एमएस. संशय असेल तर न दिसणाऱ्या जागी ग्राइंडर क्षणभर टेकवून ठिणग्या बघाव्यात. बिडाच्या ठिणग्या आखूड, मंद लालसर. घडीव लोखंडाच्या लांब, पिवळट, सरळ. पोलादाच्या टोकाला फुटणाऱ्या. जुन्या कठड्यात बहुधा मिश्रण असतं: नक्षीची पॅनेलं बिडाची, वरचा हाताचा दांडा घडीव लोखंडाचा, आणि १९७० नंतर कुणीतरी घातलेली एमएसची पट्टी. गंज सर्वांत आधी त्या पट्टीला चढतो आणि बदनाम सगळा कठडा होतो.

समुद्राचं पाणी बिडावर जे करतं ते मात्र इथे कोरड्यात बसून कळणार नाही. खारं पाणी बिडातलं लोखंड हळूहळू विरघळवून नेतं; उरतो ग्रॅफाइटचा आणि गंजाचा सांगाडा. आकार तसाच, नक्षीची कड न कड शाबूत, जाडी पूर्वीएवढीच. चाकूची पात टेकवली की आत जाते आणि काळी, गुळगुळीत भुकटी बोटाला लागते. त्या बोटाने कागदावर रेघ ओढली तर पेन्सिलीसारखी उमटते. असा खांब नुसत्या नजरेला पास होतो. त्याला लहान हातोडीने ठिकठिकाणी ठोकून आवाजातला फरक ऐकावा लागतो, आणि जिथे आवाज बसका येतो तिथे पाच मिलिमीटरचं भोक पाडून बघावं लागतं. भोकातून चकाकता करडा कीस आला तर धातू जिवंत. काळी पूड आली तर संपलेला. सोलापुरात हा प्रकार जमिनीत पुरलेल्या जुन्या बिडाच्या पाइपांत सापडू शकतो, विशेषतः क्षार असलेल्या काळ्या मातीत.

तपासणीचा अतिरेकही होतो. इंग्लंडमधला क्लीव्हडनचा धक्का १८६९ मध्ये जुन्या रेल्वेच्या रुळांपासून बांधला. १९७० मध्ये विम्यासाठी त्याची भारचाचणी घेतली: पाण्याने भरलेल्या टाक्या ठेवून दर चौरस फुटाला पन्नास पौंड. दोन गाळे चाचणीतच समुद्रात गेले. पुन्हा लोकांसाठी खुला व्हायला १९८९ साल लागलं. एवढी माणसं त्या धक्क्यावर एकाच वेळी कधी उभी राहिली असतील का, हा प्रश्न मागाहून विचारून उपयोग नव्हता. आपल्याकडच्या माळवदाच्या घरांतही जुन्या रुळांचे तुकडे तुळया म्हणून वापरलेले असतात आणि मातीच्या थराखाली ते निवांत पडून असतात. त्यांना ‘टेस्ट’ करायला वाळूची पोती रचणाऱ्या उत्साही मंडळींना क्लीव्हडनची हकिगत जरूर ऐकवावी.

पोकळ खांब हा स्वतंत्र विषय आहे, आणि चुका इथे सर्वांत जास्त होतात. खांब आडवे ओतले जात. आत पोकळी ठेवणारा मातीचा गाभा, म्हणजे कोअर, वितळलेल्या धातूत वर तरंगू पाहतो. आधार नीट नसला की तो सरकतो आणि खांबाची एक बाजू २५ मिलिमीटर तर समोरची जेमतेम १२ मिलिमीटर निघते. बाहेरून काही कळत नाही. म्हणून जाडी एका जागी मोजून समाधान मानू नये. एकाच उंचीवर, एकमेकांपासून १२० अंशांवर तीन भोकं पाडून मोजावी. अल्ट्रासॉनिक मीटर लावणारे बहुतेक वेळा तो पोलादावर लावलेला तसाच बिडावर लावतात. बिडात ध्वनीचा वेग पोलादापेक्षा कमी असतो, त्यामुळे मीटर जाडी आहे त्याहून जास्त दाखवतो. चूक धोक्याच्या बाजूला होते, हे त्यातलं वाईट.

याच पोकळीतून छपराचं पाणी खाली सोडायची पद्धत होती. दिसायला सुबक; पन्हळीचा वेगळा पाइप नको. पण खांबाच्या तळाची वाट पालापाचोळ्याने तुंबली की पाणी आत साठतं आणि गंज आतून बाहेर येतो. थंड देशात त्या पाण्याचा बर्फ होऊन खांब फुटतात. आपल्याकडे बर्फाचं काम पिंपळ करतो. मोबाइलला जोडायचा स्वस्त कॅमेरा वरून आत सोडला तरी पाच मिनिटांत सगळं कळतं. तुंबलेलं असेल तर ते खांबातून पाणी न्यायचं बंदच करावं आणि पन्हळीला मागच्या बाजूने वेगळी वाट द्यावी. नक्षीला धक्का न लावता करता येणारा हा सर्वांत उपयोगी बदल आहे.

आता कठड्याचा पाय, जिथे लोखंड दगडात जातं. जुनी रीत अशी: दगडात तळाशी रुंद, तोंडाशी अरुंद असं भोक कोरायचं, उभ्या गजाचं टोक खरबरीत करून त्यात ठेवायचं आणि वितळलेलं शिसं ओतायचं. शिसं ३२७ अंशांना वितळतं आणि थंड होताना आक्रसतं, म्हणून थंड झाल्यावर बोथट छिन्नीने ते चारही बाजूंनी ठोकून घट्ट बसवायचं. ही शेवटची ठोकणी ज्यांनी केली त्यांचे कठडे टिकले. ज्यांनी वगळली त्यांच्या गजाभोवती केसाएवढी फट राहिली आणि पाण्याला तेवढी पुरते. शिसं आणि लोखंड ओलाव्यात शेजारी आले की झिजतं ते लोखंड. गंज मूळ धातूच्या कितीतरी पट जागा मागतो. मग एक तर दगड फुटतो किंवा कठडा वर उचलला जातो. आपला काळा दगड सहजी फुटत नाही, पण कठड्याखालच्या दगडाच्या कडांचे टवके उडालेले दिसले तर कारण बहुधा हेच असतं.

दुरुस्ती करताना गज ओढून काढायला जाऊ नये. शिशात बारीक भोकं पाडत पाडत ते मोकळं करावं. गजाचं खाल्लेलं टोक कापावं, उरलेल्या गजात भोक पाडून आटे मारावेत आणि ३१६ ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलची खुंटी बसवावी. पुन्हा शिसं ओतण्याआधी दगडातलं भोक गॅसच्या ज्योतीने पुरतं कोरडं करावं. आत थेंबभर पाणी राहिलं तर त्याची क्षणात वाफ होते आणि वितळलेलं शिसं तोंडावर उडतं. चष्मा आणि हातमोजे इथे सोपस्कार नाहीत. शेवटी शिशाचा वरचा भाग चहूकडे उतार देऊन ठोकावा आणि जोडावर इपॉक्सीचा पट्टा गजावर दोन इंचांपर्यंत चढवावा.

एवढं करून सहा महिन्यांनी पेव्हर ब्लॉकवाले येतात. जुन्या फरशीवरच नवा थर, रस्ता चार इंच वर, आणि खांबाची घडवलेली बैठक निम्मी गाडली जाते. बैठकीच्या मोल्डिंगवरून पाणी बाहेर पडावं म्हणून तिला उतार दिलेला असतो. आता तिथेच डबकं. तलावाकाठी, बागेत, चौकात जिथे ‘सुशोभीकरण’ होतं तिथे बैठकीभोवती निदान एक हात जागा मूळ पातळीवर मोकळी ठेवावी, एवढी एक अट निविदेत घातली तरी पुष्कळ लोखंड वाचेल.

वेल्डिंगबद्दल थोडं कडक बोलायला हवं. तडकलेलं बीड बघून रस्त्यावरचा कारागीर नेहमीचा रॉड लावतो, झकास रेघ ओढतो, ग्राइंडर फिरवतो. आठवड्याने त्या रेघेच्या शेजारीच, एखाद-दोन मिलिमीटरवर, नवी तडा. दोष त्याच्या हाताचा नसतो. बिडातला कार्बन वेल्डिंगच्या उष्णतेने कडक, काचेसारखा ठिसूळ थर तयार करतो आणि जोड थंड होताना आक्रसला की तो थर फुटतो. निकेलचा रॉड, एका वेळी इंचभरच टाका, लगेच हलक्या हातोडीने ठोकणं, हाताला सोसेल इतकं थंड झाल्यावर पुढचा टाका, हा रस्ता आहे, पण वेळखाऊ आणि महाग. नुसत्या नक्षीच्या तुकड्यांना पितळेचं ब्रेझिंग चालतं. भार घेणाऱ्या भागाला सगळ्यांत बरी ती थंड शिवण: तडेच्या आडवी छिद्रांची ओळ पाडून तीत निकेल मिश्रधातूच्या पट्ट्या ठोकून बसवायच्या आणि तडेवर ओळीने आट्यांचे खिळे फिरवायचे. उष्णता नाही, म्हणून नवी तडाही नाही.

सांधे वेल्डिंगने बंद करू नयेत याचं दुसरं कारण इथलं ऊन. बीड दर अंशाला मीटरमागे सुमारे १०.५ मायक्रॉन पसरतं. तीस मीटरचा सलग कठडा घ्या. मे महिन्याच्या दुपारी उन्हातला धातू साठ अंशांपर्यंत जाऊ शकतो आणि डिसेंबरच्या पहाटे पंधरावर येतो. फरक पंचेचाळीस अंशांचा. कठडा चौदा मिलिमीटर लांब-आखूड होतो. जुन्या कारागिरांनी यासाठी बोल्टची भोकं लांबोडी ठेवली, दांड्याचे तुकडे एकमेकांत सरकते बसवले. आपण ‘खुळखुळतंय’ म्हणून ते टाके मारून बंद करतो. मग त्या चौदा मिलिमीटरना जायला जागा हवी असते, आणि ती सर्वांत कच्च्या पॅनेलमध्ये सापडते. ब्रायटनच्या किनाऱ्यावर तापमानाचा फरक आपल्यापेक्षा कमी. म्हणजे सांध्यांच्या बाबतीत सोलापूर समुद्रापेक्षा कठोर आहे.

बोल्टचीही एक गंमत. जुन्या कामातले आटे व्हिटवर्थचे, म्हणजे जुन्या ब्रिटिश इंची मापाचे, ५५ अंशांचे. अर्ध्या इंचाला इंचात १२ आटे. दुकानात मिळणारा एम-१२ मेट्रिक बोल्ट ६० अंशांचा आणि पावणेदोन मिलिमीटर पिचचा, म्हणजे दोन आट्यांत तेवढं अंतर असलेला. दोन फेरे तो गोडीने जातो, मग अडतो, मग पाना लांब करून जोर लावला जातो आणि बिडाचा कान तुटतो. व्हिटवर्थचे टॅप-डाय अजून मिळतात. आटे साफ करून त्याच मापाचे बोल्ट करून घेणं नव्या पॅनेलच्या खर्चापुढे काहीच नाही.

रंगाकडे येऊ. जुन्या कठड्यावर वीस-तीस थर असणं नवल नाही. खरवडून टाकण्याआधी एका आडोशाच्या जागी, रुपयाएवढ्या वर्तुळात, बारीक पाण्याच्या पॉलिशपेपरने ओलं ठेवून उतरता खड्डा घासावा. थर वलयांसारखे उघडतात: वरती अलीकडचा चंदेरी, मग हिरवे दोन-तीन, एखादा चॉकलेटी, तळाशी नारिंगी. दोन थरांमध्ये धुळीची काळी रेघ असेल तर वरचा रंग बराच काळ उघडा होता. रेघ नसेल तर ते एकाच वेळचे दोन हात. तळाचा नारिंगी बहुधा शेंदूर आणि जवसाचं तेल. तोच शेंदूर, शिशाचा. गंज थोपवायला तो फार चांगला होता आणि माणसाला तितकाच घातक. म्हणून कोरडं घासणं, ग्राइंडर, गॅसची ज्योत, तिन्ही वर्ज्य. ओलं खरवडायचं, पडलेला चुरा प्लास्टिकवर गोळा करून वेगळा बांधायचा. घरगुती रंगात शिशाची मर्यादा ९० पीपीएमवर (दहा लाख भागांत ९० भाग) आली ती २०१७ पासून. त्याआधीच्या कुठल्याही थरावर भरवसा ठेवू नये. दुकानात आज ‘रेड ऑक्साइड’ म्हणून मिळतो तो रंगाने भाऊबंद, गुणाने नव्हे. त्याच्या स्वस्त डब्यात गंज रोखणारं फार थोडं असतं. आणि एका पॅनेलचा वीतभर भाग न खरवडता तसाच राखावा. पुढच्या माणसाला वाचायला काहीतरी हवं.

ब्लास्टिंग, म्हणजे दाबाच्या हवेने कण मारून रंग आणि गंज उडवणं, करायचं तर नदीची वाळू नको, फुप्फुसं जातात. गार्नेट किंवा कॉपर स्लॅग, दाब कमी. जुने ओतारी साच्यातले फुगे मेण, राळ आणि लोखंडाच्या किसाच्या लुकणाने भरत. ब्लास्टिंगने ते उडून जातं आणि कठड्याला अचानक देवी आल्यासारखे व्रण दिसू लागतात. घाबरू नये, ते जन्मापासूनचे असतात; इपॉक्सी लांबीने भरावेत. किनाऱ्यावर त्याआधी गोड्या पाण्याने धुणं अनिवार्य आहे, कारण रंगाखाली राहिलेलं मीठ हवेतली ओल ओढत राहतं आणि वर्षभरात फोड येतात. झिंक फॉस्फेट इपॉक्सीचा हात ७५ मायक्रॉन, मधला अभ्रकी आयर्न ऑक्साइडचा १२५, वर पॉलियुरेथेन ५० ते ६०. इथे एवढं पुरेसं होऊन उरतं. समुद्रावर मधला हात आणखी एक. प्रत्येक हाताआधी कडा, कोपरे आणि बोल्टची डोकी ब्रशने वेगळी रंगवावीत, कारण कडेवर रंग आपोआप पातळ होतो. तिकडे काळजी असते धातू दवबिंदूपेक्षा, म्हणजे दव धरायला लागतं त्या तापमानापेक्षा, तीन अंश वर आहे का याची. इकडे उलट: तापलेल्या धातूवर थिनर उडून जातं, रंग पसरायच्या आत सुकतो आणि टाचणीच्या टोकाएवढी छिद्रं राहतात. उन्हाळ्यात सकाळी नऊच्या आत हात आटपावा, आणि हार्डनर मिसळलेला डबा उन्हात ठेवू नये. जुना ऑइलपेंट तसाच ठेवून त्यावर इपॉक्सी मारली तर खालचा थर सुरकुत्या पडून उठतो. खरवडायचं नसेल तर वरचा हातही ऑइलपेंटचाच द्यावा.

यावर ठेकेदाराचं ठरलेलं उत्तर असतं, ‘साहेब, एसएस लावून टाकू, बघायला नको.’ लागतं ते स्टेनलेस स्टील बहुधा २०२ ग्रेडचं, कमी निकेलचं. वेल्डिंगच्या सांध्यांवर ते इथेही तांबूस पडतं, आणि किनाऱ्यावर तर ३०४ सुद्धा डागाळतं. ‘बघायला नको’ हे तेवढं खरं: पाचव्या वर्षी बघवत नाही.

सुरक्षिततेचा मुद्दा मात्र झटकून टाकण्यासारखा नाही. जुने कठडे अनेकदा कमरेच्याही खाली असतात, आज १.१ मीटर उंची अपेक्षित धरतात, आणि दाटीच्या ठिकाणी ब्रिटिश संकेतानुसार दर मीटरला ३ किलोन्यूटन, म्हणजे साधारण तीनशे किलोंचा आडवा रेटा. सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत सिद्धेश्वर तलावाच्या काठची गर्दी ज्यांनी पाहिली आहे त्यांना हा आकडा अवास्तव वाटणार नाही. बिडाला हा रेटा पेलायला लावू नये. आतल्या बाजूला, हातभर अंतरावर, स्वतःच्या पायावर उभा असलेला साधा दांडा द्यावा आणि नक्षीला तिचं काम करू द्यावं. जुन्या कठड्यावर वर तुकडा जोडून उंची वाढवणं हा सर्वांत वाईट पर्याय. वरचा दांडा जितका उंच, पायाशी वाकवणारा जोर तितका मोठा.

नवे तुकडे ओतायची वेळ आलीच तर आपण समुद्रकाठच्या गावांपेक्षा नशीबवान आहोत. सोलापुरात गाड्यांचे कॅमशाफ्ट ओतले जातात, कोल्हापूर तर फाउंड्र्यांचंच गाव. अडचण एवढीच की यंत्रावर साचे करणारा कारखाना दहा-बारा नगांसाठी भट्टी वळवणार नाही. हाताने साचा भरणारा छोटा ओतारी शोधावा लागतो. जुन्या नक्षीच्या बिडात फॉस्फरस जास्त असे. त्यामुळे धातू पातळ वाहून पाकळीच्या टोकापर्यंत पोचे, आणि त्यामुळेच तो जास्त ठिसूळही होई. आजच्या गाड्यांच्या दर्जाच्या बिडात फॉस्फरस कमी. पातळ टोकं अर्धवट भरतात किंवा फार झपाट्याने थंड होऊन इतकी कडक होतात की ड्रिल चालत नाही. पहिला नमुना हातात घेऊन टोकं तपासल्याशिवाय पुढचे नग ओतू देऊ नयेत. भार घेणाऱ्या भागासाठी एसजी आयर्न, म्हणजे बिडाचाच चिवट प्रकार, वापरावं, ते तुटण्याआधी वाकतं. वारसावाल्यांना हे पटत नाही. आम्हाला पटतं, तुकड्याच्या पाठीवर साल ओतून घातलं असेल तर.

जुनाच तुकडा पॅटर्न म्हणून, म्हणजे साचा उठवायचा नमुना म्हणून, रेतीत दाबायचा मोह सगळ्यांना होतो. बीड थंड होताना मीटरला दहा मिलिमीटर आक्रसतं. दीड मीटरचं पॅनेल पंधरा मिलिमीटर आखूड येतं आणि बोल्टचं एकही भोक जुळत नाही. मग सांधा भरायला पुन्हा तोच वेल्डिंगचा रॉड. पॅटर्न सागवानात, एक टक्का वाढीव मापाने, बाजूंना दोन अंश उतार देऊन आणि सांध्याच्या तोंडाला घासाईसाठी तीन मिलिमीटर सोडून करून घ्यावा. जास्त नग असतील आणि लाकडावरून ॲल्युमिनियमचा पॅटर्न ओतायचा असेल तर ॲल्युमिनियमचं आकुंचन त्यात आणखी मिळवावं. काम झाल्यावर पॅटर्न ओताऱ्याकडे सोडून येऊ नये. पैसे आपण दिलेत, तो आपला असतो. त्याच्या पाठीवर पक्क्या रंगाने नमुना क्रमांक, जागा, साल आणि कोणत्या धातूचं किती आकुंचन धरलंय ते लिहावं, आणि कोरड्या जागी आडवा ठेवावा. हे लिहिलेलं नसलं तर तीस वर्षांनी तो बाहेर काढणारा माणूस त्यात पुन्हा एक टक्का वाढवतो.